विद्यापीठाच्या आवारात येत्या काही महिन्यांत काय काय आहे? नाटक, गाणं, नृत्य, व्याख्यानं, सगळं इथे कळवा

मृद्गंध
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, दिवाळी झाली, सुट्ट्या संपून विद्यापीठं परत गजबजतील, म्हणून आत्ताच काढतेय. मी औंधला राहते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे संध्याकाळी मोकळी असले आणि तिथे काही चालू असल्याचं कळलं की जाऊन बसते. आणि जवळजवळ दर वेळी हेच वाटतं की इतकं छान काम चालू असताना समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या का? पुण्यात बघणारी-ऐकणारी माणसं कमी आहेत असं तर अजिबात नाही, सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत रात्रीपर्यंत बसणारे आपणच ना! मग इथे का नाही? तर मला दिसलेलं कारण अगदी साधं आहे, बातमीच पोचत नाही. विभागाच्या बोर्डावर कागद लागतो, मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी फोटो दिसतात.

तर आधी मला माहीत असलेलं सांगते. ५ नोव्हेंबर मराठी रंगभूमी दिन (१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला प्रयोग केला त्याची आठवण), त्याच्या आसपास नाटकाच्या विभागांमध्ये काही ना काही असतंच. ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. १० फेब्रुवारी पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन, १९४९ चा जन्म. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी २८ ला विज्ञान दिन, म्हणजे हे दोन दिवस आवारात कुठे जाऊ आणि कुठे नको असं होतं. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन. पण या ठरलेल्या तारखांपेक्षा मला ज्याबद्दल मनापासून सांगायचंय ते म्हणजे विद्यापीठाच्याच ललित कला केंद्रातल्या (संगीत, नृत्य, नाटक शिकवणारा विभाग) मुलांचे परीक्षेचे प्रयोग. सत्र संपत आलं की नाटकाची मुलं आपापले प्रयोग करतात, संगीत आणि नृत्याच्या मुलांचं मंचप्रदर्शन असतं. माझ्या मते आख्ख्या पुण्यात नाटकावर प्रेम करणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी बघावीच अशी ही गोष्ट आहे. मोठ्या नाट्यगृहात तिसाव्या रांगेतून जे दिसत नाही ते इथे चार हातांवरून दिसतं.

तुमच्या तुमच्या गावच्या विद्यापीठातलंही लिहा, पुण्यापुरतं ठेवू नका.

बाणेरकर
मस्त धागा मृद्गंध ताई. एक बेसिक प्रश्न, आपण बाहेरची माणसं, विद्यापीठाशी काही संबंध नाही, मग आत सोडतात का? तिकीट असतं का? की कोणाची ओळख लागते? मी दहा वर्षं रोज विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभा राहतो पण गेटच्या आत कधी गेलेलो नाही.

विंगेतला
मी ललित कलाचाच माजी विद्यार्थी, नाटक शाखा. बाणेरकर, गेटवर कोणी विचारलंच तर अमुक विभागात कार्यक्रमाला चाललोय म्हणून सांगायचं. मुलांच्या प्रयोगाला आमच्या वेळी तिकीट वगैरे काही नसायचं, वेळेच्या आधी येऊन बसायचं एवढंच.

आता परीक्षेचा प्रयोग म्हणजे काय ते जरा नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की परीक्षा म्हणजे आत दार लावून चाललेलं काहीतरी असेल. तसं नाहीये. प्रयोग प्रेक्षकांसमोरच होतो, परीक्षक तुमच्यातच बसलेले असतात. दिग्दर्शन शिकणारा मुलगा किंवा मुलगी नाटक निवडते, वर्गातल्याच पोरांना घेऊन बसवते, आणि बाकी सगळं म्हणजे नेपथ्य, प्रकाशयोजना, कपडे, रंगभूषा, म्युझिक हे पण पोरंच करतात. आज जो मुख्य भूमिकेत आहे तोच परवा दुसऱ्याच्या प्रयोगाला लाइट चालवत असतो, आणि जी लाइटला होती ती झाडू घेऊन रंगमंच झाडत असते. हे सगळं एकमेकांच्या जिवावर चालतं. महिना महिना तालमी होतात, रात्री लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) इकडून तिकडे ओढायच्या, परत ओढायच्या. आणि मग प्रयोग होतो एक, फार तर दोन. संपलं. त्यानंतर ते नाटक तसं परत कधीच कोणाला दिसत नाही.

म्हणून सांगतो, समोर अनोळखी माणूस बसलेला असणं याची किंमत आम्हाला विचारा. वर्गातली मुलं कुठे हसायचं ते तालमीत शिकलेली असतात, ती हसतातच. अनोळखी माणूस जिथे हसतो, जिथे खुर्चीत चुळबुळ करतो, जिथे एकदम शांत होतो, तिथे कळतं की काय पोचलं आणि काय नाही. हे कुठल्याच मास्तरांना शिकवता येत नाही.

निशिगंधा
वाह, विंगेतला, काय लिहिलंयत. वाखुसा (वाचनखूण साठवली).
ललित कला केंद्र नेमकं कधीपासून आहे? आणि ते गुरुकुल म्हणतात ते काय?

विंगेतला
निशिगंधा, १९८७ पासून. संगीत, नृत्य आणि नाट्य अशा तिन्ही शाखा एकाच छपराखाली. गुरुकुल अशासाठी की नुसतं तासाला बसून सर्टिफिकेट घ्यायचं नाही तर गुरूसमोर बसून शिकायचं आणि त्याला विद्यापीठाच्या पदवीची जोड, अशी कल्पना. सतीश आळेकर सर १९९६ ते २००९ प्रमुख होते, त्या काळात शिकलेली कितीतरी मंडळी आज तुम्ही नाटकात, सिनेमात, सीरियलमध्ये रोज बघता. या शाखा शेजारी शेजारी असण्याचा फायदा आम्हाला तेव्हा कळत नव्हता. आमची तालीम चालू असायची आणि पलीकडून कोणीतरी तास तास एकच तान घोटत असायचं. नाटकवाल्या पोराच्या कानावर चार वर्षं हे पडलं की बोलण्यातली लय बदलते हो, खरंच.

तत्कार
मी कथकवाली. फक्त नाटकाचंच कौतुक नको :) मंचप्रदर्शनाबद्दल पण सांगते. यात एकटीने सलग नाचायचं असतं, समोर परीक्षक, बाजूला तबला, पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा (ताल धरून ठेवणारी, परत परत वाजणारी धून), आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं तुम्ही निभावायचं. सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तर झाकायला ग्रुप नाही. मोठ्या महोत्सवात नर्तकीला अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात सगळं चकचकीत तेवढंच दाखवलं जातं. इथे तुम्हाला आमद, तोडे, तिहाया, परण, गतनिकास, अभिनय असा सगळा क्रम निवांत बघायला मिळतो, शिवाय मुलगी पढंत करते म्हणजे बोल आधी हातावर ताल देत म्हणून दाखवते आणि मग तेच पायातून काढते, त्यामुळे ज्याला कथकमधलं ओ की ठो कळत नाही त्यालाही दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याला आपोआप कळायला लागतं की हे नेमकं काय चाललंय. माझ्या आईला असंच कळलं. त्याआधी तिला वाटायचं की नुसत्या गिरक्या.

फक्त एक विनंती, तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) संपायच्या आत टाळ्या नका वाजवू. समेवर आली की वाजवा, मनसोक्त वाजवा.

स्वाती_नक्षत्र
नाटक-नृत्याचं चाललंय त्यात मी आयुकाचं (खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र) घालते, कारण ते पण त्याच आवारात आहे आणि लहान मुलं असणाऱ्यांसाठी त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी चंद्रशेखर सभागृहात व्याख्यान असतं, प्रयोग दाखवत दाखवत. एक इंग्रजीत आणि एक मराठीत किंवा हिंदीत. शाळेतून मुलं नेतात, त्यामुळे तुमच्या मुलांच्या विज्ञानाच्या बाईंना विचारा की आपली शाळा जाते का, जात नसेल तर मागे लागा. माझा मुलगा सातवीत असताना शाळेबरोबर गेला आणि घरी येऊन जेवताना ध्वनीच्या लहरींवर बोलत बसला, जो पोरगा शाळेत काय झालं विचारलं तर 'काही नाही' एवढंच सांगतो!

आणि २८ फेब्रुवारी चुकवू नका. त्या दिवशी आयुका सगळ्यांना खुलं असतं. प्रयोग, भाषणं, शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारायचे, आणि आभाळ स्वच्छ असेल तर संध्याकाळी दुर्बिणीतून बघायला मिळतं. इमारत पण नुसती बघण्यासारखी आहे, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची आहे ती. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि आत फुकोचा लंबक (पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा) आहे, त्याच्यापुढे मुलं अर्धा अर्धा तास उभी राहतात.

आजोबा_औंध
स्वाती, छान लिहिलंस. नारळीकर सरांची आठवण झाली. १९८८ साली त्यांनी आयुका उभी केली आणि २००३ पर्यंत तिचे संचालक होते, पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते हे की केंब्रिजला शिकलेला एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरांपुढे उभा राहून मराठीत बोलायचा. मी त्यांना दोन-तीनदा ऐकलं. अवघड विषय सोपा करताना तो खोटा होऊ द्यायचा नाही हे भान त्यांना होतं, पोरांना कमी लेखून कधी बोलले नाहीत. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनलाही माहीत होतं ते कोण.

आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे ना, तीही सांगायला हवी. पुलंच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती उभी राहिली, सुनीताबाईंनी पुढाकार घेतला. इमारतीचं नावच पुलस्त्य, सप्तर्षींमधल्या ताऱ्याचं. अरविंद गुप्ता बरीच वर्षं तिथे टाकाऊ वस्तूंमधून खेळणी करून विज्ञान शिकवत होते.

सातारी_सून
आम्ही पुण्यापासून लांब, पण २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. तिथेही विज्ञान दिनाचं मोठं प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधली मुलं स्वतः मॉडेल करून आणतात आणि मांडून उभी असतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना पहिल्यांदा बघितल्या तेव्हा बोलायलाच सुचेना. ती दुर्बीण चालवणारं केंद्र म्हणजे एनसीआरए पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. धाग्यात बसतं की नाही माहीत नाही पण लिहिलं.

मृद्गंध
बसतं हो ताई, नक्की बसतं! असंच हवंय.

रातराणी
सगळ्यांचा उत्साह बघून छान वाटलं पण एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. मी एका महाविद्यालयात शिकवते आणि मुलांच्या सादरीकरणांशी माझा रोजचा संबंध आहे. परीक्षेचा प्रयोग ही शिकण्याची जागा आहे. तिथे चुकायची मुभा असायला हवी. तुम्ही शंभर अनोळखी माणसं बोलावलीत, त्यातल्या वीस जणांनी मोबाइल वर करून शूटिंग केलं, एकाने रात्री दोन मिनिटांचा तुकडा नेटवर टाकला आणि त्याखाली लोकांनी काय वाट्टेल ते लिहिलं, तर एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलीवर काय परिणाम होईल? मी हे होताना बघितलंय. नंतर ती मुलगी वर्षभर स्टेजवर आली नाही. पुढचं-मागचं सोडून मधलाच तुकडा उचलला की नाटकात खलनायक काय बोलला तेही त्या पोराच्या नावावर चिकटतं. त्यामुळे बोलवायचं तर जरूर बोलवा, पण कसं यायचं तेही सांगा.

विंगेतला
रातराणी मॅडम, अगदी बरोबर आहे तुमचं, आणि हे लिहिलंत ते बरं केलंत. माझं म्हणणं प्रेक्षक वाढावेत असं आहे, गर्दी वाढावी असं नाही. जागा लहान असते, शंभर लोक येऊच नयेत तिथे. आणि मोबाइल बंद म्हणजे बंद, सायलेंट नाही. अंधारात एकाचा जरी स्क्रीन पेटला तरी स्टेजवरून तोच दिसतो. फोटोसुद्धा नको, हवे असतील तर प्रयोगानंतर मुलांना विचारून काढा, ती खूश होऊन उभी राहतात.

आवडलं नाही तर? तर प्रयोगानंतर थांबा आणि त्यांच्याशी बोला. कुठे कंटाळा आला, काय कळलं नाही, ते तोंडावर सांगा. मला एका काकांनी सांगितलं होतं की तुझं वाक्य शेवटच्या शब्दावर विझतं, ऐकूच येत नाही. परीक्षकांच्या मार्कांपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं, आज डबिंग करताना पण आठवतं.

तत्कार
+१ रातराणी ताई. नृत्याच्या बाबतीत तर जास्तच. विचारल्याशिवाय व्हिडिओ अजिबात नको.

मराठवाडी
आता छत्रपती संभाजीनगरचं ऐका. आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग १९७३ चा, कमलाकर सोनटक्के सरांनी सुरू केला. पुढे लक्ष्मण देशपांडे सर होते, 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगातली ५२ पात्रं एकट्याने उभी करणारे तेच. गावाकडून, शेतकऱ्याच्या घरातून आलेली पोरं, ज्यांनी नाट्यगृह आतून बघितलेलं नसतं, ती पोरं या विभागातून शिकून मुंबईला जाऊन उभी राहिली, अशी किती नावं सांगू. विद्यापीठ डोंगराच्या कुशीत आहे, वर बौद्ध लेणी, संध्याकाळी वारा सुटतो, आणि तशात खुल्या रंगमंचावर प्रयोग.

पण खरी मजा बघायची असेल तर युवक महोत्सवाला या. चारी जिल्ह्यांमधल्या कॉलेजांची पोरं येतात. एकांकिका, प्रहसन, मूकअभिनय तर आहेच, पण लोककला बघा. पोवाडा, भारूड, गोंधळ, वासुदेव, लावणी. ज्या पोराच्या घरातच गोंधळ घालतात ना, तो जेव्हा संबळ घेऊन उभा राहतो तेव्हा ते स्पर्धेसाठी शिकून आलेलं नसतं, ते त्याच्या बापाकडून आलेलं असतं. हलगी सुरू झाली की मांडवात बसलेलं कोणी बसलेलं राहत नाही. एकाच वेळी चार-पाच मंच चालू असतात म्हणून आधी वेळापत्रक बघून ठरवा, नाहीतर इकडून तिकडे पळण्यातच दिवस जातो. इथून निवडलेली पोरं मग इंद्रधनुष्यला जातात, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचा मिळून होणारा महोत्सव, दर वर्षी वेगळ्या विद्यापीठात असतो. तुमच्या गावात असेल त्या वर्षी सुट्टी टाकून बघा.

पंचगंगा
मराठवाडी, हलगीचं वाचून अंगावर काटा आला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ नोव्हेंबरला असतो, १९६२ चं विद्यापीठ. आमच्याकडच्या युवा महोत्सवाची मजा म्हणजे प्रेक्षक. सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांतून पोरं ट्रकने, वडापने, मिळेल त्याने येतात आणि स्वतःच्या कॉलेजची एंट्री संपली तरी हलत नाहीत, दुसऱ्याच्या लोकनृत्यालाही तेवढ्याच शिट्ट्या. शोभायात्रा तर बघाच.

संगीत आणि नाट्यशास्त्र विभागाची मुलं पण चांगलं करतात. इथे मला एक सांगायचंय, मोठ्या शहरात पर्याय असतात, आमच्यासारख्या गावात विद्यापीठ हीच एक जागा असते जिथे दिल्ली-मुंबईचा माणूस येऊन दोन तास बोलतो आणि आपण समोर बसून ऐकू शकतो. माझे वडील बँकेत होते, शिक्षण बी.कॉम., पण विद्यापीठात कोण येणार ते पेपरात बघून स्कूटरवर मला मागे बसवून न्यायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही. पण मोठी माणसं हात वर करून प्रश्न विचारतात आणि समोरचा त्याहून मोठा माणूस 'हे मला तपासावं लागेल' म्हणतो, हे मी वयाच्या दहाव्या वर्षी बघितलं.

कालिनाकर
मुंबईवाले कुठे आहेत सगळे? मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमध्ये थिएटर आर्ट्सची अकादमी आहे, २००३ पासून, वामन केंद्रे सरांनी ती उभी केली, तिथे मुलांचे प्रयोग होतात. आणि लोककला अकादमी वेगळी आहे, तिथे लोककला शिकवतात, म्हणजे विद्यापीठात बसून भारूड आणि तमाशाचा अभ्यास. अडचण एकच, मुंबईत संध्याकाळी साडेसहाला कालिना गाठायचं म्हणजे कुर्ला किंवा सांताक्रूझहून बस-रिक्षाची मारामारी. पण एकदा गेटच्या आत गेलात की मुंबईत एवढी मोकळी जागा आणि एवढी झाडं आहेत यावर विश्वास बसत नाही. जमलं तर शनिवार धरा.

बाणेरकर
व्याख्यानांचं विचारायचं होतं. मी एकदा एका शिक्षणसंस्थेत (नाव नको) व्याख्यानाला गेलो, वेळ साडेपाच, सुरू झालं सहाला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचं मनोगत, आणि ज्या बाईंना ऐकायला आलो त्यांना मिळाली फक्त पंचवीस मिनिटं. त्या इतकं सुंदर बोलत होत्या आणि मागून चिठ्ठी आली की आवरा. मला फार वाईट वाटलं. सगळीकडे असंच असतं का?

आजोबा_औंध
बाणेरकर, सगळीकडे नाही. विभागांची जी छोटी व्याख्यानं असतात, एखाद्या वर्गात किंवा सेमिनार हॉलमध्ये तीस-चाळीस माणसांसमोर, तिथे हा थाट नसतो. पाच मिनिटांत ओळख आणि मग तासभर बोलणं, मग प्रश्न. मोठं नाव, मोठं सभागृह यामागे लागू नका. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र, या विभागांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. प्रश्नोत्तरांना थांबाच, अर्धं शिक्षण तिथे होतं. आणि प्रश्न विचारायचा असेल तर प्रश्नच विचारा, भाषण करू नका. आमच्या वयाच्या लोकांना मी हे विशेष सांगतो.

व्याख्यानाचं महत्त्व विचाराल तर एक उदाहरण देतो. डेक्कनवर गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, १९३० ची. तिथे दर वर्षी काळे स्मृती व्याख्यान होत आलंय. २९ जानेवारी १९३९ ला ते व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं. विषय होता संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य, म्हणजे १९३५ च्या कायद्यात जे संघराज्य देऊ केलं होतं ते घ्यावं की नाही. पुढे ते पुस्तकरूपाने छापलं गेलं आणि आजही अभ्यासलं जातं. विचार करा, त्या संध्याकाळी पुण्यातली काही माणसं सहज चालत जाऊन तिथे बसली असतील. दहा वर्षांनी संविधानाचा मसुदा ज्यांच्या हातून झाला ते संघराज्याबद्दल काय विचार करत होते हे त्यांना प्रत्यक्ष ऐकायला मिळालं.

आणि ज्यांना पुण्यात येता येत नाही त्यांच्यासाठी, पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ आहे. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर, त्यांच्या नावाची व्याख्यानमाला कॉलेजाकॉलेजांतून होते, नगर-नाशिक जिल्ह्यांतल्या छोट्या गावांतही. मी नोकरीत असताना बदलीच्या गावी ती ऐकायला जायचो. वक्ता एसटीने यायचा, सरपंच आणि मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, मागे पोरं खाली सतरंजीवर.

निशिगंधा
आजोबा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. लिहीत राहा.

स्वाती_नक्षत्र
पंचगंगा यांच्या बाबांचा किस्सा वाचून मुलाला वाचून दाखवला.
अजून एक सुचवते, कार्यक्रमाला जरा लवकर पोचा आणि मुख्य इमारतीपर्यंत चक्कर मारा. पूर्वी ती मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळ्यातली राहण्याची जागा होती. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी याच इमारतीत होती, आणि ती आटपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. शाळेत सगळे शिकतो पण ती मेजवानीची जागा म्हणजे हीच, हे मुलांना तिथे उभं करून सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

हिरवी_चाफेकळी
नवीन सभासद, पहिलीच पोस्ट. मी आत्ता विद्यापीठात एमए करते, हॉस्टेलला राहते, परभणीकडची आहे. इथलं सगळं वाचून इतकं छान वाटलं. आमच्या बाजूने एक सांगते, आम्ही पोरं कार्यक्रम करतो तेव्हा पोस्टर बनवून इन्स्टावर टाकतो आणि आम्हाला वाटतं सगळ्या पुण्याला कळलं, पण ते फिरतं आमच्या आमच्यातच. औंध-बाणेरच्या सोसायट्यांमध्ये कोणी असे लोक असतील ज्यांना यायचंय हे खरंच माहीत नव्हतं. मागे आमच्या विभागात कवितावाचन होतं, वीस जण होते, सगळे आमचेच वर्गमित्र. एका मैत्रिणीने तिच्या बोलीत, म्हणजे घरी बोलतात त्या भाषेत लिहिलेली कविता पहिल्यांदा वाचली, वाचताना हात थरथरत होते. बाहेरचं कोणी ऐकायला असतं तर तिला किती बरं वाटलं असतं. पुढच्या वेळी मी इथे नक्की लिहीन.

मृद्गंध
चाफेकळी, स्वागत आहे गं! तू लिही, आम्ही येतो. आणि मैत्रिणीला सांग की पुढच्या वाचनाला पहिल्या रांगेत किमान मी तरी असेन.

बाकी सगळ्यांना सांगते, इथे कळवताना एवढं लिहा : विद्यापीठ, विभाग, नेमकी जागा (नुसतं 'विद्यापीठात' लिहू नका, चारशे एकरांचं आवार आहे, संत नामदेव सभागृह शोधत एकदा मी उलट्या टोकाला गेलेले आणि पहिला अंक गेला), सुरू होण्याची वेळ, आणि बाहेरच्यांना प्रवेश आहे का ते आयोजकांना विचारून. मुलांचे वैयक्तिक फोन नंबर टाकू नका. रातराणींनी सांगितलेलं मोबाइलचं मी पहिल्या पोस्टमध्ये वर घालते.

रातराणी
धन्यवाद मृद्गंध. आणि रात्री परतणाऱ्या मुलींसाठी, नाटक लांबलं तर कोणी औंधकडे, कोणी शिवाजीनगरकडे जाणारे असतातच, धाग्यावर आधीच ठरवून बरोबर निघा. आवारातले आतले रस्ते रात्री अगदी सुनसान असतात.

परदेशी_पाहुणा
मी सध्या जर्मनीत, पुणे विद्यापीठातूनच एमएस्सी. तुम्ही सगळे प्रत्यक्ष जाणार म्हणून हेवा वाटतोय. आयुकाची बरीच व्याख्यानं यूट्यूबवर असतात ती मी बघतो. पण मुलांची नाटकं अशी कुठे मिळणार, आणि वर सगळे बोललेत ते वाचून वाटतं की मिळू नयेतच. आता फेब्रुवारीत तीन आठवडे पुण्यात येतोय, तेव्हा २७-२८ ला कुठे कुठे जायचं ते कोणीतरी नीट लिहा, आई-बाबांना पण घेऊन जाईन, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे फार चालणं नको.

स्वाती_नक्षत्र
परदेशी_पाहुणा, २८ ला दुपारनंतर या, सकाळी शाळांची खूप गर्दी असते. आई-बाबांना रिक्षाने थेट आयुकाच्या दारापर्यंत आणा, मेन गेटपासून चालत आणू नका, अंतर बरंच आहे. जानेवारीत कार्यक्रम जाहीर झाला की मी इथेच टाकते.

विंगेतला
आणि फेब्रुवारीत ललित कलात मुलांच्या तालमी-प्रयोग काय चालू असतील ते मी ज्युनिअर्सना विचारून ठेवतो. बाणेरकर, तुम्हीपण चला, चौकातनं एकदा आत वळा. मी गेटपाशी घ्यायला येतो.

बाणेरकर
नक्की. तारीख कळवा, ऑफिसमधून लवकर निघेन. बायको पण येतेय, तिने कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, हा धागा वाचून कालपासून तेच बोलतेय.